उजेडाच्या टेबलावरची गाठ
इस्त्रीखाली नायलॉनची ओढणी करपली की मला मकरपुऱ्याचा कारखाना आठवतो. तिथे एअरबॅगच्या कापडाच्या कडा गरम पात्याने कापताना हाच वास सुटायचा. विणलेला रोल खालून दिवे लावलेल्या उजेडाच्या टेबलावर तपासून सही करायची, हे माझं काम. एका दुपारी ट्रक दारात उभा असताना कापडात गाठ दिसली. कारागिराने तुटलेला धागा बांधून गाठ नखाने दाबून सपाट केली होती. अपघातात पिशवी फुगताना नेमकी तिथेच फाटली असती. साहेब त्यांच्या गुजराती वळणाने म्हणाले, “एकच गाठ आहे बेन, चालशे, सही करा.” मी पेन खाली ठेवलं, कात्री उचलली आणि रोल गाठीवरच आडवा कापला. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आज कापडाची तपासणी शिकायला येणाऱ्या नव्या मुलींच्या हाती मी आधी कात्री देते, पेन नंतर.