डाळीला विचारू

अक्का परगावी निघाल्या की आधी तूरडाळीच्या डब्यात हात घालायच्या. मूठभर डाळ रुमालाच्या टोकात बांधायच्या आणि ती गाठ पिशवीच्या तळाशी ठेवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नवं गाव बघायचंय. डाळीला विचारू."

नव्या गावात उतरल्यावर आधी देऊळ शोधणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, चहाचं हॉटेल शोधणारीही. अक्का चूल शोधायच्या.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. मी अक्का म्हणायचे, कारण त्यांच्या माहेरी, सांगलीकडच्या जैन घरात, थोरल्या बहिणीला तसंच म्हणत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्या आमच्या कडेगावात बदलून आल्या आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहिल्या. त्यांचा स्वयंपाक मी माझ्या घरी करून द्यायचे. दिवस मावळायच्या आत त्या जेवत, म्हणून पाचला डबा तयार लागे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं, एवढीच त्यांची अट.

मी मुळात कमी बोलते. आमच्या घरात सासूबाई बोलतात, ते सगळ्यांना पुरतं. पण अक्कांच्या दारात डबा ठेवून परत यायला मला अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात मी दिवसभराचं बोलून घ्यायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

निवृत्तीला चार महिने राहिले, तेव्हा एका संध्याकाळी डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "आजवर कागद यायचा. त्याच्यावर गावाचं नाव असायचं, की मी ट्रंक उचलायची. आता कागद येणार न्हाई गं. राहायचं कुठं ते आपलं आपण ठरवायचं. मला त्याची सवयच न्हाई."

त्या इथून जातील हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

डाळीची गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली. नोकरीचं पहिलं गाव म्हसवड. वय एकवीस. पहिल्या दिवशी डाळ चुलीवर ठेवली, ती तासभर उकळली तरी दाणा दाण्यापासून वेगळाच. पाणी जड, क्षाराचं. तीन दिवस त्यांनी कच्ची डाळ खाल्ली आणि रडल्या. चौथ्या दिवशी शेजारची मेंढरंवाल्यांची बाई आली. तिनं पातेल्यात डोकावलं आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला. डाळ मेणासारखी झाली, पण बुळबुळीत. "सहा वर्सं ती सोड्याची डाळ खाल्ली," अक्का म्हणाल्या. "तवापासनं ठरवलं. शेवटी जिथं राहीन, तिथलं पाणी गोडं पाहिजे."

"आता फिल्टर मिळत्यात की," मी म्हटलं.

"आणि कुकरमध्ये तर दगड बी शिजतो. पण मला गाव बघायचंय, कुकर न्हाई."

मग त्यांनी शंभर पानी वही आणली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. "तू लिही. तुझं अक्षर वळणदार हाय."

"मी चौथीपर्यंतच शिकलेय, अक्का."

"चौथीत मुळाक्षरं संपत्यात की सगळी. अजून काय पाहिजे?"

आम्ही पहिल्यांदा सांगलीला गेलो, त्यांच्या भाच्याच्या फ्लॅटवर. त्यांच्यासाठी एक खोली रंगवून तयार होती, खिडकीला नवा पडदा होता. अक्कांनी ओट्यावर पातेलं ठेवलं, गाठ सोडली आणि मनगटाच्या आत बांधलेलं घड्याळ वळवून पाहिलं. कृष्णेचं पाणी ते. एकवीस मिनिटांत डाळ बोटानं दाबली की पीठ. मी वहीत लिहिलं. मला वाटलं, झालं, आता ह्या इथंच राहणार.

तेवढ्यात अक्का वाटी घेऊन शेजारच्या दाराकडे निघाल्या. भाच्याची बायको मागे धावली. "अक्का, काय पाहिजे?"

"मीठ मागते चिमूटभर."

"आवं, मीठ हाय की घरात. इथं असं कुणी मागत न्हाई."

"घरात हाय गं. पण मागून तर बघते."

बेल दोनदा वाजवली. दाराआडून टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला, पण दार उघडलं नाही. भाच्याच्या बायकोला फार अवघडल्यासारखं झालं. ती बिचारी चांगली होती, तिनं आम्हाला पुरणपोळी खाऊ घातली. परतीच्या एसटीत अक्का म्हणाल्या, "पाणी गोडं हाय. एकवीस मिनिटं." मिठाची वाटी मात्र रिकामीच परतली होती.

दुसरी फेरी उंब्रजची. तिथं त्यांच्या बरोबरीची एक निवृत्त नर्स राहायची. डाळ चोवीस मिनिटांत शिजली. मैत्रीण जिवाभावाची, पण घर हायवेच्या कडेला. बोलताना ट्रक आला की दोघी थांबायच्या आणि तो गेला की पुढचा शब्द घ्यायच्या.

"इथनं कुठं बी जायची एसटी मिळती!" मैत्रीण ओरडून म्हणाली.

"व्हय," अक्काही ओरडल्या, "पण मला आता कुठं जायचंच न्हाई की गं!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या मनात आलं की आता कडेगावच उरलं.

सासूबाईंना हे सगळं खुळेपणाचं वाटे. "डाळ बघून गाव ठरवत्यात व्हय? आमी तर नवरा बी न बघता आलो."

अक्का म्हणायच्या, "म्हणून तर मी बघून घेते, मावशी."

कडेगावची डाळ त्यांनी शेवटी ठेवली. "इथं राहून इथंच विचारलं न्हाई, असं नको. उद्या कर. तुझ्याच चुलीवर कर, कुकर नको. बोअरचं पाणी घे."

आता मला ठाऊक होतं. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. अक्कांचा डबा मी नेहमी कुकरमध्ये, सात शिट्ट्या देऊन करायचे. नुसत्या पातेल्यात ती डाळ तासभर टणक राहिली असती, वहीत तसंच लिहावं लागलं असतं आणि तेही माझ्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या उंबऱ्यावर घड्याळ बघत बसल्या. सासूबाई त्यांना काहीतरी सांगत होत्या. मी चुलीकडे तोंड करून डाळ चढवली, हळद टाकली आणि पदराआडून सोड्याची पुडी सोडली. चिमूट टाकायची होती. घाईत सोडा जास्त पडला.

डाळ फेसाळून वर आली. आणि बघता बघता हळदीचा पिवळा रंग तांबूस झाला. मी पळी फिरवत राहिले, जणू फिरवून तो रंग परत जाणार होता.

"झाली का गं?" अक्का आत आल्या. बोटानं दाणा दाबला. शिजला होता. पातेल्यात पाहिलं. "हळद कुठली वापरतीस?"

"घरातलीच हाय," मी म्हटलं.

"असं. मी हळदीच्या मुलखातली. एवढी तांबूस कवा बघितली न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या रानातली हाय ती." आमच्या रानात ऊस सोडून कधी काही पिकलं नव्हतं, पण सासूबाई गावाची बाजू कधी सोडत नाहीत.

अक्कांनी ताट मागितलं. ती बुळबुळीत डाळ भाकरीबरोबर खाल्ली आणि परत मागून घेतली. मग म्हणाल्या, "वही आण."

"किती लिहू?"

"घड्याळात किती झालीत?"

"बावीस मिनिटं."

"मग तेच लिही."

मी लिहिलं. त्या ओळीचं अक्षर वळणदार नाही.

अक्का कडेगावात राहिल्या. घरमालकाला सांगून मागच्या दाराशी तुळस लावली, पांढऱ्या साड्या सोडून निळ्या-हिरव्या नेसायला लागल्या. गल्लीतल्या बाळंतिणी त्यांच्याकडे पोरं दाखवायला यायच्या. मला आनंद होताच. पण त्या आनंदाखाली खडा होता. एका बाईनं आयुष्यात एकदाच आपलं गाव आपण निवडलं आणि मी तिला फसवलं. तीनदा सांगायला म्हणून गेले. तिन्ही वेळा डबा ठेवला, दुसरंच काहीतरी बोलले आणि परत आले.

काही महिन्यांनी एक दिसलं. रोज सकाळी त्यांच्या खिडकीत वाटीभर डाळ पाण्यात भिजत असायची. दुपारी ती फुगलेली वाटी त्या माझ्या हातात द्यायच्या. "ही घाल आज. भिजलेली हाय, गॅस कमी लागंल." त्यांना खरं कळलं असावं, असं मला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही. त्याही कधी बोलल्या नाहीत. अशी पाच वर्षं गेली, आणि ती चांगली गेली.

गेल्या थंडीत, एका सकाळी, अक्का उंबऱ्यावर उन्हात बसल्या आणि बसल्या जागी गेल्या. खिडकीत वाटी होती. सांगलीची माणसं आली, सगळं उरकलं, आणि दिवस मावळायच्या आत मी त्या पाहुण्यांना जेवू घातलं. भिजलेली डाळ मऊ शिजली होती.

सामान आवरताना भाच्याच्या बायकोनं वही माझ्या हातात दिली. "तुमचं अक्षर दिसतंय. तुमीच ठेवा."

मी ती उंबऱ्यावर बसून उघडली. सांगली, एकवीस मिनिटं. उंब्रज, चोवीस. कडेगाव, बावीस. आणि त्याच्या खाली थरथरत्या हातानं लिहिलेली अक्कांची एक ओळ. तारीख त्याच दिवसाची.

"काय लिवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "कडेगाव. डाळ शिजत नाही. मुलीने सोडा घातला. इथेच राहायचे."

सासूबाईंनी वही हातात घेतली आणि ती ओळ बोटानं चाचपली.

"मग?" त्या म्हणाल्या. "पाच वर्सं शिजलीच की."

मी उठले आणि उद्याची डाळ भिजत घातली.