सत्तेचाळीस तारा आणि मामासासरे

आमचे मामासासरे पाच मिनिटं एका जागी बसलेले पाहिले, असं शपथेवर सांगणारा माणूस साऱ्या सुरत शहरात मिळाला नसता. ते खुर्चीवर बसत नसत, नुसते टेकत. तेही अशा बेताने की एक पाय उठायला मोकळा राहावा. चहा उभ्याने, पेपर चालता चालता, आणि जेवताना दर दोन घासांनी मान वर करून कुठेतरी कान लावलेला. भेस्तानच्या एका कापड कारखान्यात ते लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, मास्तर होते. ऐन विशीत अमळनेरकडून आले आणि सगळे लूम एकदम खडखडत असताना त्यांतला कुठला आजारी आहे, हे दारातूनच सांगू लागले. कारागीर त्यांच्या कानाला वचकून असत. हा कान ते कारखान्यात ठेवून घरी येऊ शकत नसत, एवढीच नातेवाइकांची तक्रार होती. मामी म्हणायच्या, "यास्ना पायले भिंगरी शे, आनि ती कानवरी फिरस."

त्या भिंगरीचा पहिला प्रसाद मला माझ्याच लग्नात मिळाला. मंगलाष्टकं सुरू, अंतरपाट धरलेला, मुलीच्या पाठीशी तिचे मामा उभे हवेत, आणि तिसऱ्या अष्टकाला मामा गायब. भटजी तीच ओळ पुन्हा पुन्हा आळवत राहिले. शोधाशोध झाली तेव्हा मामा मांडवामागे नवा कोरा फेटा काढून जनरेटरच्या पोटात हात घालून बसले होते. सासरेबुवा संतापले, तर मामाच त्यांच्यावर चढले. "तीन मिनिटमा बंद पडणार व्हता तो! अंधारामा जवाईबुवांनी हार कोन्हा गळामा टाका असता?" ग्रीसचे डाग पडलेल्या हातांनीच त्यांनी भाचीवर अक्षता टाकल्या. त्या फोटोत मी वैतागलेला दिसतो. बायको मात्र हसते आहे.

पुढे एकदा गावी जाताना त्यांनी नवापूरच्या अलीकडे एसटी थांबवायला लावली, कारण इंजिनाचा एक पट्टा म्हणे रडत होता. ड्रायव्हरने आधी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग बॉनेट उघडलं, आणि मग गुपचूप हात जोडले. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही सगळे झाडाखाली बसलो. मामा गाडीभोवती फिरत राहिले.

आणि अशा माणसाचा कान जाऊ लागला. बोललेलं समजे, पण समोरच्याने जरा चढ्या आवाजात आणि उजव्या बाजूने बोलायला हवं. डॉक्टरांकडे त्यांना मीच नेलं. लूमच्या आवाजाने हे झालंय, बारीक आवाज आधी जातात, आता कारखाना सोडा म्हणजे उरलंय ते तरी राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामांनी डॉक्टरांची चिठ्ठी तिथेच फाडली आणि मामीला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. "ऐकू येत नही तो मास्तर कसाना? तो ते कापड बिघाडी." त्यांच्या लेखी प्रश्न कानाचा नव्हताच. आपण मास्तर आहोत की नाही, एवढाच होता. त्या दिवसापासून ते जास्तच सैरभैर झाले. घरात भिंतीला कान लावून उभे राहायचे, रिकाम्या पेल्यावर टिचकी मारून बघायचे. मला ते बघून जीव नकोसा होई.

अशात आमच्या शेटजींनी मला दोन पास दिले. मी रिंग रोडवर त्यांच्या सुताच्या पेढीत कारकून होतो, आणि शेटजी शहरातल्या एका हौशी संगीत मंडळाचे प्रमुख होते. लिथुआनिया नावाच्या देशात एक फार मोठा संगीतकार होऊन गेला. त्याच्या सन्मानार्थ त्याच देशाची एक बाई सुरतेत येऊन हार्प वाजवणार होती. बायकोने पास बघून नाक मुरडलं. मामांनी मात्र पासावरचं चित्र डोळ्यांजवळ धरलं. माणसाहून उंच लाकडी चौकट आणि तीत उभ्या ताणलेल्या सत्तेचाळीस तारा.

"हाई ते आपला तानाच शे," मामा म्हणाले. कापडाचे उभे धागे म्हणजे ताना. तो त्यांचा प्राण. मग मला बाजूला घेऊन त्यांनी फैसला सुनावला. वाजता वाजता एखादी तार सैल पडलीच, तर ती त्यांना कळली पाहिजे. कळली तर कान शाबूत. नाही कळली तर दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या चाव्या त्यांच्या शेटच्या हातात. मी म्हटलं, "मामा, हे कसलं खूळ?" पण ते तोवर जिना उतरून गेले होते.

सभागृहात आम्ही दुसऱ्या रांगेत आणि आमचे शेटजी ऐन पुढ्यात. मामा आता उठतील की मग, ही मला धास्ती. शेटजींनी गुजरातीत भाषण केलं. त्या संगीतकाराचं नाव काही त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून ते 'आ महान आत्मा' म्हणत पुढे सरकत राहिले. मग ती बाई आली, वाद्य खांद्यावर कलतं घेतलं आणि तारांवरून बोटं फिरवू लागली. इतका हळुवार आवाज मी सुरतेत कधी ऐकला नव्हता. पाच मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. मामा हलले नाहीत. पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, डोळे तारांना लावून बसले होते. ते रंगलेत असं वाटून मला गहिवरून आलं.

आणि एकाएकी त्यांचा हात ताडकन वर गेला. "बंद करो! धागा जा रहा है!"

कारखान्यात लूम थांबवायला देतात तशीच ही हाळी होती. बाई दचकून थांबली. शेटजींनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी मला जाताना दिसली. मामा तोवर थेट मंचावर पोचले होते आणि वरच्या खुंटीजवळच्या एका तारेकडे बोट दाखवत होते. बाईने वाकून बघितलं, तारेला हलकेच बोट लावलं, आणि ती तिच्या हातातच तुटली. सभागृहभर टाळ्या! बाई काहीतरी म्हणाली. शेटजींनी ते लगोलग गुजरातीत सांगून टाकलं, "बेन कहे छे, आवो कान में क्यांय जोयो नथी!" असा कान तिने कुठेच पाहिला नव्हता म्हणे. मामांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. नवी तार लागली, वादन पुढे संपेपर्यंत चाललं, आणि मामा पुन्हा हलले नाहीत.

बाहेर स्कूटरपाशी येताच मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडलो, "मामा, जिंकलात! कान शाबूत!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि डोळ्यांकडे बोट नेलं. "माले ऐकू उनं नही, जवाईबुवा. दखायनं. तारना पीळ सुटी राह्यंता. तिन्हा हात हालेत तेवढं दखायनं, बाकी काहीच नही."

"पण तुम्ही किती शांत बसला होतात! मला वाटलं, रंगलात."

"उठाले काहीतरी ऐकू येवाले पाहिजे ना," मामा म्हणाले.

मी म्हटलं की हे आपल्या दोघांतच राहू द्या, आज एवढ्या लोकांनी तुमच्या कानाची वाहवा केलीय, कोण शंका घेणार? ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, उलट माझीच कीव आल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन चाव्या नेऊन दिल्या.

आता मामा आमच्याकडे आले की खुर्चीत चांगले पाठ टेकून बसतात. चहा बसून घेतात, दुसरा कपही घेतात. पाहुणे म्हणतात, वयाने माणूस कसा निवळतो बघा. मामीही चार लोकांत हसून हो म्हणतात. मला मात्र ते तसे बसलेले बघवत नाहीत. काहीतरी निमित्त काढून मीच उठतो आणि उगाच घरभर फिरत राहतो.