एंटर

ड्रॉवर आवरताना कॉम्प्युटर यंत्राला जोडायची जुनी सिरियल केबल हाताला लागली. तिच्या रबराचा वास आला आणि माझी कानशिलं तापली.

वीसेक वर्षांपूर्वी कासार आंबोलीजवळच्या एका कॉलेजात प्रकाश मोजणारा स्पेक्ट्रोमीटर कॉम्प्युटरवरून चालवायचा प्रोग्राम मी लिहीत होतो. मी कमांड पाठवत होतो, यंत्र ढिम्म. विभागप्रमुख मागे उभे होते. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या पारूमावशी दारात दिसल्या आणि मी त्यांच्यावरच घसरलो, "केबल तुम्हीच हलवलीत ना?"

"न्हाई वो सर. म्या निस्तं टेबल पुसलंय."

रोज निघताना त्या "येते सर" म्हणायच्या. त्या दिवशी तशाच गेल्या.

तासाभरानं कळलं, केबल धड होती. प्रत्येक कमांडच्या शेवटी एंटर पाठवायचा असतो, तो मीच विसरलो होतो. त्याशिवाय आपलं बोलणं संपलंय हे यंत्राला कळत नाही.

सकाळी मावशींनी दारातूनच विचारलं, "मशीन झालं का बरं?"

"झालं," मी म्हणालो. "पण यापुढे हात लावू नका."

"व्हय."

संध्याकाळी त्या "येते सर" म्हणून गेल्या. मी तिथं होतो तोवर त्यांनी त्या टेबलाला फडकं लावलं नाही. धूळ मीच पुसायचो, कुणी नसताना.