एकतीस तारखेनंतरची एक

भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या बाजारगल्लीत नगरपालिकेने त्या पावसाळ्यात सम-विषमचे बोर्ड लावले. विषम तारखेला गाड्या डाव्या बाजूला, सम तारखेला उजव्या. पण बोर्ड कुणी वाचत नसे. काल इकडे होत्या ना, मग आज तिकडे, एवढंच सगळ्यांना पाठ झालं होतं. सकाळी पहिला दुकानदार ज्या बाजूला स्कूटर लावी, त्याच्यामागे सगळी रांग लागायची.

मी त्या गल्लीत रोज जात होतो ते आईसाठी. तिचा घोटा मोडला होता. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "शेक आणि व्यायाम रोज झाला पाहिजे. खंड पडला तर पाय असाच आखडेल, मग आयुष्यभर लंगडत चालावं लागेल." व्यायामाचा दवाखाना या गल्लीत होता आणि आमचं घर गोडदेवला. एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले मान हलवून निघून जात. म्हणून ऑफिसला जायच्या आधी मी तिला स्कूटरवर मागे बसवून आणायचो. दवाखान्याला लागूनच एका गुजराती गृहस्थांचं औषधाचं दुकान होतं. आम्ही दिसलो की ते स्टूल घेऊन बाहेर येत. "आवो मासी, आज कैसा है पाँव?" आई स्टुलावर दम खाई, मग त्यांच्या हाताचा आधार घेऊन दोन पायऱ्या चढे.

एक सप्टेंबरला सकाळी गेलो तर सगळी रांग उजवीकडे. आदल्या दिवशी एकतीस तारीख होती, तीही विषम. म्हणजे बाजू बदलायचीच नव्हती. मी बोर्ड पाहिला आणि डावीकडे स्कूटर लावली. त्या बाजूला माझी एकटीच. आईचा व्यायाम आटोपून बाहेर आलो तेव्हा हवालदार माझ्या स्कूटरचा नंबर उतरवून घेत होता.

"अहो, आज एक तारीख. विषम."

"काल गाड्या कुठे होत्या?"

"इथेच. कालही विषमच होती."

त्याने समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. "काका, एवढी सगळी दुनिया चुकली आणि तुम्ही एकटे बरोबर? लायसन्स द्या."

लायसन्स गेलं, पावती मिळाली. पावतीवर ठाण्याच्या कोर्टाची तारीख होती. तोपर्यंत ती पावतीच लायसन्स म्हणून चालणार होती.

घरी बायको म्हणाली, "अहो, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. आईंच्या पायापेक्षा तुमचं विषम मोठं आहे का?"

आई आतून म्हणाली, "चुकला असेल तर भरेल. चुकला नसेल तर कशाला भरायचा?"

ठाण्याला एसटीने गेलो. कोर्टात लांबलचक रांग होती. नाव पुकारलं की माणूस "कबूल" म्हणे, दंड भरे आणि लायसन्स खिशात घालून निघून जाई. मी "कबूल नाही" म्हटल्यावर कारकुनाने मान वर केली.

"साहेब, कबूल केलंत तर तासाभरात लायसन्स हातात. नाही तर पुढची तारीख. लायसन्स इथेच राहील, आणि पावतीची मुदत आज संपतेय."

मी पुढची तारीख घेतली.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटर जिन्याखाली उभी. "निम्मं भाईंदर लायसन्सशिवाय गाडी चालवतंय," बायको म्हणाली. ते खरं होतं, पण मी चालवली नाही. पहिल्या दिवशी रिक्षा मिळाली नाही, आईचा व्यायाम बुडाला. संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात जाऊन दवाखान्यासाठी निरोप ठेवला. शेठनी कारण विचारलं. मी सांगितलं.

"अरे भाई, तुम भी ना! कल से मैं लाऊँगा मासी को. दुकान उघडायच्या आधी येतो."

ते रोज आले. आई त्यांच्या मागे बसून जाई. संध्याकाळी मला म्हणे, "हा तुझ्यापेक्षा सावकाश चालवतो."

पुढची तारीख ऑक्टोबरात होती. हवालदारही आला होता. न्यायाधीशांनी बोर्डावर काय लिहिलंय ते त्याला विचारलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटवलं.

"यांची गाडी डाव्या बाजूला होती?"

"हो साहेब."

"मग यांचं काय चुकलं?"

हवालदार म्हणाला, "साहेब, बाकी सगळ्या गाड्या उजवीकडे होत्या."

न्यायाधीशांनी मला विचारलं, "त्या चुकीच्या होत्या, असं तुमचं म्हणणं?"

त्या रांगेत शेठची स्कूटरही होती. मी कोर्टात निघालो त्या सकाळीही आई तिच्यावरच बसून गेली होती. मी म्हणालो, "हो. सगळ्या चुकीच्या होत्या."

लायसन्स परत मिळालं. न्यायाधीश हवालदाराला म्हणाले, "पुढच्या वेळी कॅलेंडर बघून कारवाई करा."

त्याने तसंच केलं. त्याच आठवड्यात त्याने रांग बोर्डाप्रमाणे लावून घेतली, पण एकतीस ऑक्टोबरनंतर सवयीने ती पुन्हा बदलली. एक नोव्हेंबरला मी आईला घेऊन पोचलो तेव्हा रांग पुन्हा उजवीकडे होती आणि हवालदार एका टोकापासून पावत्या फाडत येत होता. मला पाहून म्हणाला, "काका, बघा, आज तारीख बरोबर आहे ना?"

शेठ हातात पावती घेऊन दुकानाच्या दारात उभे होते. स्टूल बाहेर आलं नव्हतं.

"भाई, तुम्हाला माहीत होतं ना? काल शाम को बोल देते."

खरं तर ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बोर्ड सगळ्यांसाठी लावला आहे असंच मी धरून चाललो होतो.

"आता सांगा, मी पण लढू का?" त्यांनी विचारलं.

"नको. कबूल करा. तुमची गाडी चुकीच्या बाजूलाच होती."

शेठनी पावतीची घडी करून खिशात घातली. आई स्कूटरवरून उतरली, माझा खांदा धरून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ठाण्याला त्याला घेऊन कोण जाणार?"

"मी नेतो," मी म्हणालो.

"सावकाश ने," आई म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक करत दोन्ही पायऱ्या चढली.