बनावट ठरवलेली आई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते –

आमचं घराणं चार पिढ्या काशीत, मुन्शी घाटावरच्या गल्लीत. मी मानसशास्त्र शिकवते, आणि मनोविश्लेषण व संस्कृती या विषयावरच्या एका नियतकालिकासाठी लेख तपासून देते. लेखकाचं नाव मला कळत नाही, माझं त्याला कळत नाही. असं म्हणायचं.

काही वर्षांपूर्वी एक लेख आला. काशीतल्या मराठी घरातली बाई. नवरा संन्यास घेऊन निघून गेलेला, तरी ती रोज त्याचं पान मांडते. माझे वडील असेच गेले. आईही असंच करायची. हे मी एकाच व्यक्तीला सांगितलं होतं – मीनलला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता विभागातली सहकारी.

मग ओळीओळीत मला मीनलच दिसू लागली. माझ्या आईजवळ तासन् तास बसायची, ते मायेनं की टिपून घ्यायला? आमच्या घरचं आणखी काय काय नेलं असेल हिनं?

मी अहवालात लिहिलं – वृत्तांत बनावट वाटतो, छापू नये. खरा आहे हे ठाऊक असून लिहिलं.

लेख परत गेला. महिन्याभरानं मीनल मला भोसले घाटावर भेटली आणि लेख आपला होता हे तिनंच सांगितलं. वडील कोलकात्याला नोकरीत आहेत, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

"ताई, ती माझी आई आहे," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं तेव्हा कुठे लिहायची हिंमत झाली. आणि त्यांनी तिला झूठ ठरवलं."

"परीक्षक असतात असे," मी म्हटलं.

इथवर तुम्ही याला गैरसमज म्हणाल. पण नाही – त्या लेखातली बाई नवऱ्याचं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधायची, रोज चावी द्यायची. माझ्या आईनं वडिलांची एकही वस्तू ठेवली नव्हती. त्या ओळीपाशी मी थांबले होते. ही आपली आई नव्हे, हे अहवाल लिहिण्याआधीच मला कळलं होतं. मग का लिहिलं? दुसऱ्या कुणा मुलीला हे लिहिता आलं, मला आलं नाही – तेवढंच मला सोसलं नाही.

मीनलनं नंतर काहीच लिहिलं नाही. मागच्या वर्षी तिची आई गेली. तेराव्याला तिनं मला मुद्दाम बोलावलं आणि नातेवाइकांना माझी ओळख करून दिली – या माझ्या गुरू.

मी हात जोडले.