सावरीवरच्या वीस माश्या

आमच्या संगमेश्वर तालुक्यात आग्यामाश्यांचा मध काढणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यातला माझा शेजारी भागोजी भलता हट्टी. पोळ्यातला मधाचा भाग तेवढा कापायचा, पिल्लांना हात लावायचा नाही आणि जाणूनबुजून एकही माशी मारायची नाही, हा त्याच्या बापाचा नेम. साठी उलटली तरी तो नेम सांभाळूनच गावाबाहेरच्या सावरीच्या झाडावर चढायचा.

गेल्या जानेवारीत नम्रता नावाची संशोधक मुलगी आली. तिला या माशीचा जीनोम वाचायचा होता.

"माशी कशी घडायची, ते सगळं तिच्या अंगात कणाकणात लिहिलेलं असतं, काका," असं सांगून तिने स्पिरिटची बाटली दिली. "वीस जिवंत माश्या यात टाका."

भागोजीने मान डोलावली आणि झाडाखाली मरून पडलेल्या वीस माश्या वेचून बाटली भरली. माशी ती माशीच, असं त्याला वाटलं. मला सांगितलं तेव्हा मी मास्तर असूनही नुसता हसलो. मार्चमध्ये नम्रताचा फोन आला. माश्या आधीच कुजायला लागलेल्या, म्हणून नमुना खराब निघाला होता, काहीच वाचता आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती परत आली, तोवर सावरीवर लाल आकडा पडला होता. रस्त्यासाठी महिन्याभरात झाड जाणार होतं. या झाडावरच्या माश्यांची ही शेवटची संधी होती, आणि पहिली भागोजीनेच घालवली होती. तो धुरी घेऊन चढला.

उतरला तेव्हा हात टम्म सुजले होते. बाटलीतल्या माश्या अजून पाय हलवत होत्या. त्या थांबेपर्यंत तो बघत बसला आणि ढसाढसा रडला.

"ताई," डोळे पुसत त्याने विचारलं, "पावसाआदी जातात त्या माश्या परत येत नाय. त्यांच्या लेकी येतात, नेमक्या ह्याच झाडावर. ता बी लिवलेला हाय काय?"

"ठाऊक नाही, काका. तेच शोधायचंय."

नमुना या वेळी चांगला निघाला. मेमध्ये सावर पाडली.

दिवाळीनंतर एका सकाळी भागोजी मला नव्या रस्त्यावर घेऊन गेला. जिथे सावरीची फांदी होती, तिथे मोकळ्या हवेत माश्या घोंघावत होत्या. दुपार झाली तरी हलेनात. भागोजीने नम्रताला फोन लावला.

"ताई, आल्यायत. आता जायाचा कुटं, ता लिवलाय काय, तेवढा बगा."