पायाळूचा डावा पाय

मी जन्माला आलो तो पायांकडून. डोकं मागाहून आलं, आणि आई म्हणायची की ते अजून मागेच आहे. पण पायाळू माणसाच्या लाथेनं उसण उतरते, अशी आमच्या अमरावतीत सगळ्यांची खात्री. त्यामुळे मला कळायला लागल्यापासून कुणाच्या कमरेत चमक भरली की तो सकाळीच आमच्या ओसरीवर हजर. त्यानं माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं, मी उजव्या पायानं लाथ हाणायची, आणि माणूस वडीलधारा असला की लगेच त्याच्या पाया पडायचं. आधी लाथ, मग नमस्कार. गावातल्या भल्याभल्यांना मी लाथा घातल्यात आणि वर त्यांचे आशीर्वादही घेतलेत.

तर उजवा पाय असा गावाचा होता. डावा तेवढा माझा, आट्यापाट्यांसाठी राखलेला. मैदानावर आडव्या पाट्या आखायच्या, एकेका पाटीवर समोरच्यांचा एकेक गडी हात पसरून उभा, आणि त्यांना हुलकावण्या देत पार जाऊन परत यायचं, असा तो खेळ. डाव्या पायावर गर्रकन वळावं तर मीच, असं सगळे म्हणत, आणि मलाही ते पटत होतं. दिवाळीनंतर अकोल्याशी सामना होता. गेल्या साली अकोल्याच्या एका लांबटांग्या गड्यानं मला असं काही खेळवलं होतं की लोक पोट धरून हसले. वर्षभर मी त्याच्यावर दात खाऊन होतो.

आणि दसऱ्याच्या सुमारास, सरकीच्या कारखान्यामागच्या मैदानावर, वळता वळता माझा डावा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म फुगला. पोट्ट्यांनी मला उचलून हाडं बसवणाऱ्या चाचांकडे नेलं. चाचा म्हणजे अचलपूरकडचे जुने पहिलवान. त्यांनी माझ्याशी गोड बोलत बोलत पाय असा ओढला की माझी किंकाळी बाजारापर्यंत गेली असेल. मग आंबेहळद आणि तुरटीचा लेप, वर बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. मी सोडीन तोवर पाय टेकायचा नाही, म्हणाले. सामना गेला हे मला तिथंच कळलं. मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.

निदान बाजेवर निवांत पडू देतील, असं वाटलं होतं. कुठलं काय! दुसऱ्याच दिवशी फुलं विकणारी आमची माळीणकाकू कमरेवर हात ठेवून दारात उभी. मी पट्टी दाखवली. तिनं ती नीट पाहिली आणि म्हणाली, "डावा दुखते न तुहा? मंग उजवा तं रिकामाच हाय."

ती बाजेला पाठ लावून बसली, मी पडल्या पडल्या लाथ दिली. मग रांगच लागली. वर तक्रारी निराळ्याच. बाजेवरची लाथ लागू पडत नाही, पोराच्या लाथेत पहिल्यासारखा दम राहिला नाही, असं काकू गल्लीभर सांगत फिरली. आई तिची समजूत काढायची आणि मला म्हणायची, अरे, जरा जोर लावत जा.

दिवाळीआधी चाचांनी पट्टी सोडली. सूज गेली होती, दुखणं गेलं होतं. चाल म्हणाले. मी डावा टेकला आणि लगेच उचलला. वाटायचं, भार टाकला की हा घोटा मातीच्या भांड्यासारखा फुटणार. मी काठी धरली ती सोडेचना. चाचांनी परत परत दाबून पाहिलं आणि शेवटी सांगून टाकलं, "पाय बरा हाय बेटा. आता तू उगाच लंगडून राहिला."

मला इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्यांना काय जातंय? मला मनातून धास्ती पडली होती की आपण आता जन्मभर असेच, काठीवाले. खेळ संपला.

अकोल्याला मला नेलं ते पाणी द्यायला. आमचा कप्तान माझा लहानपणापासूनचा दोस्त. मला मागे ठेवणं त्याच्या जिवावर आलं. सकाळी तो बाकीच्यांना घेऊन पाट्या आखायला मैदानावर गेला, आणि मी धर्मशाळेच्या अंगणात काठी मांडीवर घेऊन कुढत बसलो. तेवढ्यात एक म्हातारी आत आली. तिच्या खांद्यावर भार टाकून, कमरेत वाकडा होऊन, तोच लांबटांग्या! विहिरीचं पाणी ओढताना उसण भरली होती. अमरावतीचा पायाळू आलाय, ही बातमी तिला कुठून लागली कोण जाणे.

"माहं लेकरू उभं बी राहू शकत नाही, बापा," ती म्हणाली. "मार न एक लाथ."

आता सांगा! ज्याला लाथ घालायची म्हणून मी वर्षभर तळमळत होतो, तो स्वतः येऊन भिंतीला हात लावून माझ्याकडे पाठ करून उभा. आणि तेही त्याच्या आईच्या परवानगीनं! बसल्या बसल्या देऊन ही संधी कोण वाया घालवील? मी काठी टाकली, उठलो, आणि वर्षभराची सगळी कसर काढत हाणली. तो कळवळला, भिंतीला धडकला, मग हळूहळू सरळ झाला. म्हातारीनं माझी अलाबला घेतली. मी तिच्या पाया पडलो.

दुपारी तो गडी हरणासारखा पळला आणि आम्ही सपाटून हरलो.

परतीच्या गाडीत कप्तानाला सगळं कळलं. मग काय विचारता! अकोला सुटल्यापासून त्यानं मला फाडून खाल्लं. घरभेदी म्हणाला, नमकहराम म्हणाला, तुले लाथच मारायची होती तं सामना झाल्यावर मारायची, म्हणाला. मी खाली मान घालून ऐकत होतो. एकाएकी त्याची नजर माझ्या मांडीवरच्या काठीवर गेली.

"थांब बे. लाथ उजव्यानं मारली न तू?"

"हो."

"मंग उभा कोन्या पायावर होता?"

मी माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिलो. मूर्तिजापूर आलं. कप्तानानं माझा हात धरून मला फलाटावर ओढलं, माझी काठी डब्यातच राहू दिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"हाण," तो म्हणाला. "मले बी हाण एक."

मी डाव्यावर सगळा भार टाकला आणि हाणली.